आरोग्यसेवेचा हक्क देशपातळीवर कायद्यात आणायचा तर रस्ता कोणता?

गिरणगावकर (धागाकर्ता)

निवडणूक जवळ आली की 'सर्वांना आरोग्यसेवा' हे शब्द जाहीरनाम्यात येतात. 2019 ला काँग्रेसने तर आरोग्यसेवेच्या हक्काचा कायदाच करू म्हणून लिहिलं होतं. भाजपच्या सरकारने 2018 मध्ये आयुष्मान भारत आणली, पण ती योजना आहे, कायदा नाही. 'तुमचं नाव यादीत नाही' हे काउंटरवर ज्याने ऐकलंय त्याला यातला फरक वेगळा सांगायला नको. योजनेत नाव नसेल तर विषय तिथेच संपतो. कायद्यात हक्क असेल तर नाही म्हणणाऱ्याला कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर दाद मागता येते.

असा कायदा हवा की नको यावर या धाग्यात भांडायचं नाहीये, त्यासाठी वेगळा धागा काढा. समजा उद्या दिल्लीत कुठल्याही पक्षाच्या सरकारने मनावर घेतलं, तर हा कायदा होणार कसा?

पहिला दगड म्हणजे राज्यघटनेची सातवी अनुसूची. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे सगळं राज्यसूचीत, नोंद 6. म्हणजे संसदेला थेट हात घालता येत नाही. मग उरतात त्या वाटा अशा. अनुच्छेद 368 खाली घटनादुरुस्ती करून आरोग्य समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो त्या यादीत, आणायचं. त्याला दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं आणि वर निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मंजुरी. 15 व्या वित्त आयोगाने नेमलेल्या उच्चस्तरीय गटाने 2019 मध्ये हेच सुचवलं होतं, शिवाय 75 व्या स्वातंत्र्यदिनी आरोग्य हा मूलभूत हक्क म्हणून जाहीर करा असंही म्हटलं होतं. तो दिवस येऊन गेला.

दुसरी वाट अनुच्छेद 249 ची. राज्यसभेने दोन तृतीयांश बहुमताने ठराव केला की संसद राज्याच्या विषयावर कायदा करू शकते. पण ठराव एका वेळी एकच वर्ष टिकतो. दरवर्षी नूतनीकरण करून हक्क द्यायचा, तो काय गाडीचा विमा आहे? तिसरी वाट 252 ची: दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव करून संसदेला सांगायचं की आमच्यासाठी कायदा करा. चौथी 253 ची, आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी. आर्थिक-सामाजिक हक्कांच्या करारात भारत 1979 पासून आहे आणि त्याच्या कलम 12 मध्ये आरोग्याचा हक्क आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घटनादुरुस्तीची चर्चा सर्वांत जास्त होते आणि ती सर्वांत कमी उपयोगाची आहे. देशपातळीवरचे हक्काचे कायदे आपल्याकडे आधी एखाद्या राज्यात झाले, तिथे घासले गेले आणि मग दिल्लीला गेले. रोजगार हमी आपल्याकडून गेली. माहिती अधिकाराचं बघा: तामिळनाडू आणि गोवा 1997, महाराष्ट्र 2002, आणि संसद 2005. आरोग्याचंही तसंच होईल. फक्त यावेळी सुरुवात राजस्थानने 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा करून केली आणि तिथेच गाडं अडलंय.

खवचट

लेख छान. दोन राज्यांनी एकत्र ठराव करायचा म्हणे. आपल्याकडे दोन राज्यं पाण्यावर, सीमेवर आणि आंब्याच्या नावावर एकत्र येत नाहीत.

नागपुरी वकील

खवचटराव, आली होती की एकत्र. क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा 2010 हा 252 खालीच झाला. अरुणाचल, हिमाचल, मिझोराम आणि सिक्कीम या चार राज्यांनी ठराव केले, संसदेने कायदा केला, मग इतरांनी तो दत्तक घ्यायचा. महाराष्ट्राने घेतला नाही. आपण अजून 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यावरच आहोत. 2021 मध्ये त्याचे नियम बदलून रुग्णहक्कांची सनद आणि दरफलक आले, एवढंच. 252 ची खोच अशी की कायदा एकदा स्वीकारला की राज्याला त्यात बदल करता येत नाही, बदल फक्त संसद करणार. म्हणून मोठी राज्यं या वाटेला फिरकत नाहीत. स्वतःच्या हातातलं कोण सोडतो?

बाकी धागाकर्त्यांनी एक वाट विसरली, न्यायालयाची. हकीम शेख हा शेतमजूर 1992 मध्ये बंगालमध्ये लोकलमधून पडला. डोक्याला मार. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवलं. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खाजगीत उपचार झाले आणि खर्च त्याच्या अंगावर पडला. तो आणि त्याची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेले. 1996 मध्ये न्यायालयाने सांगितलं की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणं हा अनुच्छेद 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. 25,000 रुपये भरपाई मिळाली. त्याआधी 1989 च्या परमानंद कटारा खटल्यात सांगितलं होतं की जखमी माणसाचा जीव वाचवणं हे सरकारी-खाजगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, पोलिसांच्या कागदांची वाट बघायची नाही.

म्हणजे हक्क आहे. 1996 पासून आहे. पण निकालाला बजेट नसतं, अंमलबजावणी अधिकारी नसतो. प्रत्येक हकीम शेखने स्वतंत्रपणे कोर्टात जायचं का?

शिक्षणाच्या हक्काचा प्रवास बघा. शिक्षण हा हक्क आहे असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा उन्नीकृष्णन निकाल 1993 चा, तो हक्क घटनेत 21-अ म्हणून घालणारी 86 वी घटनादुरुस्ती 2002 ची, कायदा 2009 चा आणि अंमल 1 एप्रिल 2010 पासून. निकालापासून वर्गापर्यंत 17 वर्षं. आणि शिक्षण तर 1976 पासूनच समवर्ती सूचीत होतं! तेव्हा सूची बदलली म्हणजे काम झालं, या भ्रमात कोणी राहू नये.

अवांतर: मूलभूत हक्काचं नवं कलम घालायला राज्यांची मंजुरी लागत नाही, फक्त संसदेचं विशेष बहुमत लागतं. सातव्या अनुसूचीला हात लावायचा तरच निम्मी राज्यं लागतात. या दोन गोष्टींची टीव्हीवर नेहमी सरमिसळ होते.

बालाघाट

मी डॉक्टर आहे. तालुक्याच्या गावात पंधरा खाटांचं हॉस्पिटल आहे, बायको भूलतज्ज्ञ, मी सर्जन. इथे सगळे रुग्णाच्या बाजूने लिहिणार हे गृहीत धरून चार शब्द दुसऱ्या बाजूचे लिहितो.

राजस्थानच्या डॉक्टरांना 2023 मध्ये सगळ्यांनी खलनायक केलं. विधेयकात काय होतं? अपघात, सर्पदंश, प्राण्याचा चावा आणि प्राधिकरण ठरवील ती इतर आणीबाणी, अशा वेळी आगाऊ पैसे न घेता उपचार द्यायचे, रुग्णाने नंतर पैसे दिले नाहीत तर सरकार देणार. ऐकायला कोणाला वाईट वाटेल? पण सरकार किती दिवसांत देणार, कोणत्या दराने देणार, हे कायद्यात नाही. नियमांत येईल म्हणे. एका सरकारी योजनेचे माझे क्लेम कसे अडकतात ते मला विचारा. ऑपरेशनच्या आधीचा फोटो, नंतरचा फोटो, टाक्यांचा फोटो, सगळं पोर्टलवर चढवायचं. मग महिन्यांनी शेरा येतो: 'फोटो अस्पष्ट'. रुग्ण बरा होऊन ऊसतोडीला गेलेला असतो. आता त्याचे टाके परत कुठून आणू?

सर्पदंशाचंच घ्या. घोणस चावलेला माणूस आला तर विषप्रतिबंधक लसीच्या दहा बाटल्या लागू शकतात, वीसही. वर रक्त गोठेना झालं, मूत्रपिंड बसलं तर डायलिसिसला जिल्ह्याला न्यायचा. अॅम्ब्युलन्स कोणी द्यायची, वाटेत गेला तर जबाबदार कोण, मी की पुढचा? मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलला चार असे रुग्ण अंगावर घेणं जड नाही. मला एक महिना जड जातो. आणि रुग्ण दगावला तर नातेवाईक दगड घेऊन येतात ते माझ्याच दारात, प्राधिकरणाच्या नाही.

हक्क रुग्णाचा, कर्तव्य माझं आणि पैसे 'देय राहतील'. हे चालणार नाही. कायदा करणाऱ्याने हे आधी सोडवावं.

खवचट

डॉक्टरसाहेब, प्रतिसाद आवडला. तालुक्याला वीस बाटल्या मिळतात का पण?

बालाघाट

ग्रामीण रुग्णालयाकडून उसन्या आणतो. तिथे कधी असतात, कधी नसतात.

गिरणगावकर

डॉक्टरसाहेब, तुमचा मुद्दा मान्य, म्हणूनच राजस्थानचं उदाहरण बारकाईने बघण्यासारखं आहे. 21 मार्च 2023 ला विधानसभेने विधेयक मंजूर केलं. खाजगी डॉक्टर आधीपासून रस्त्यावर होतेच, मग सेवाच बंद झाली. 4 एप्रिलला समझोता झाला. 50 पेक्षा कमी खाटांची खाजगी रुग्णालयं कायद्याबाहेर, आणि सरकारकडून सवलतीत जमीन वगैरे न घेतलेलीही बाहेर. म्हणजे तुमचं पंधरा खाटांचं हॉस्पिटल सुटलं असतं! राज्यपालांची सही झाली, कायदा राजपत्रात आला. पुढे निवडणूक, सत्ताबदल. नियम काही बनले नाहीत. नियमांशिवाय कायदा म्हणजे हकीम शेखचा निकाल जाड कागदावर छापलेला.

आसामने 2010 मध्येच सार्वजनिक आरोग्य कायदा केला होता. त्याचं नाव इथे किती जणांनी ऐकलंय?

प्रेअरीतला पुणेकर

मी कॅनडात सस्कॅचवानमध्ये राहतो, गव्हाची शेतं आणि उणे तीस. 'राज्यातून देशात' याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण माझ्या प्रांतात घडलं, म्हणून टंकायला बसलो. इथेही आरोग्य प्रांतांचा विषय आहे, केंद्राला थेट अधिकार नाही, अगदी आपल्यासारखं.

1947 मध्ये टॉमी डग्लसच्या प्रांतिक सरकारने सर्वांसाठी रुग्णालय विमा सुरू केला. श्रीमंत प्रांत नव्हे हा, मंदीत आणि दुष्काळात होरपळलेला शेतकऱ्यांचा प्रांत. डॉक्टरांच्या फीचा भाग आला तो 1 जुलै 1962 ला, तेव्हा डग्लस दिल्लीला, आपलं ओटावाला गेला होता आणि वुड्रो लॉइड मुख्यमंत्री होता. त्याच दिवशी डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. 23 दिवस. सरकारने ब्रिटनहून डॉक्टर आणवले. शेवटी सस्काटूनला करार झाला आणि त्यात डॉक्टरांनी बरंच मिळवलं: ते पगारी नोकर झाले नाहीत, केसमागे फी कायम राहिली, फक्त बिल प्रांत भरणार. तीच व्यवस्था आजही आहे. आमचा फॅमिली डॉक्टर हा खाजगी धंदेवाईकच आहे. मला बिल दिसत नाही एवढंच.

मग केंद्राने काय केलं? प्रांतांवर सक्ती करता येत नव्हती. 1966 च्या कायद्याने केंद्र म्हणालं, ज्याची योजना सर्वांना लागू असेल, सार्वजनिक यंत्रणा चालवील, डॉक्टरी सेवा पूर्ण देईल आणि दुसऱ्या प्रांतात गेलं तरी चालेल, त्याचा निम्मा खर्च आम्ही देऊ. कुरकुरत का होईना, 1972 पर्यंत सगळे प्रांत आत आले. निम्मे पैसे कोण सोडतो! 1984 मध्ये त्यावर झाकण लागलं: जो प्रांत डॉक्टरांना रुग्णाकडून वरचे पैसे घेऊ देईल त्याच्या अनुदानातून तेवढीच रक्कम कापायची. सूची बदलली नाही, घटनेला हात लावला नाही. चेकबुकाने कायदा केला.

(वाट बघावी लागते हे खरं. गुडघ्याच्या ऑपरेशनला इथले लोक वर्ष वर्ष थांबतात. स्वर्ग नाहीये, पण दागिने विकून ऑपरेशन केलेला माणूस इथे भेटला नाही.)

तिलारीकाठ

वरचा 'दुसऱ्या प्रांतात गेलं तरी चालेल' हा मुद्दा आमच्याकडच्यांना पटकन कळेल. आम्ही सिंधुदुर्गातले, दोडामार्ग तालुका. आमच्याकडे मोठं आजारपण म्हणजे गोव्यातली बांबोळी. ओरोसचं जिल्हा रुग्णालय लांब, कोल्हापूर घाटापलीकडे, मुंबई तर विचारूच नका. पिढ्यान् पिढ्या माणसं गोवा मेडिकल कॉलेजला जात आली. 2018 मध्ये गोवा सरकारने बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं आणि दोडामार्गात लोक उपोषणाला बसले. गोव्याची बाजूही चुकीची नव्हती. त्यांच्या करातून उभं केलेलं रुग्णालय, त्यांची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना पाच वर्षं राहणाऱ्या प्रत्येकाला, ती आम्हाला कशी द्यायची?

पण माझा भाऊ पणजीत गवंडीकाम करतो, मी इकडे काजूच्या बागेत. एकच घर. त्याच्या पाच वर्षांचा दाखला कुठे आणायचा? राज्याराज्यांचे कायदे झाले तर सीमेवरचा माणूस दोन्हीकडून बाहेर. मला कलमं कळत नाहीत, पण दिल्लीचा कायदा लागतो तो एवढ्यासाठीच.

लेखाशीर्ष

निवृत्त आहे, आयुष्य वित्त विभागात गेलं. 'चेकबुकाने कायदा' हे वाचून राहवलं नाही.

रोजगार हमीचं नाव सगळे घेतात, पैशाची गोष्ट कोणी सांगत नाही. वि. स. पागे यांची कल्पना, आधी तासगाव तालुक्यात प्रयोग, 1972 च्या दुष्काळात राज्यभर. कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. पण त्याच्या आधी, 1975 मध्येच, व्यवसाय कर लावला होता. शहरातल्या पगारदाराकडून पैसे घ्यायचे, रोजगार हमी निधीत टाकायचे आणि राज्य सरकारने त्यात तेवढेच घालायचे. तुमच्या पगारपत्रकावर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 कापलेले दिसतात ना, तोच हा कर. म्हणजे आधी तिजोरी, मग हक्क. हा क्रम उलटा केला की राजस्थान होतं.

आता आरोग्याचं. राष्ट्रीय आरोग्य लेखा बघा: 2014-15 मध्ये सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1.13 टक्के होता, 2021-22 मध्ये 1.84 टक्के. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 62.6 वरून 39.4 टक्क्यांवर आला. सुधारणा आहे, नाही म्हणत नाही, त्यात कोविडची वर्षंही आहेत. पण 2017 च्या आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत अडीच टक्के म्हटलं होतं. आणि त्याच धोरणाचा 2015 चा मसुदा काढून वाचा. त्यात राष्ट्रीय आरोग्य हक्क कायद्याचा प्रस्ताव होता. अंतिम धोरणात तो गळला आणि 'टप्प्याटप्प्याने हमी' आली. 2009 मध्ये तर आख्खं राष्ट्रीय आरोग्य विधेयक मसुद्यापर्यंत गेलं होतं, तेही फायलीत राहिलं. मी फायली आयुष्यभर पाहिल्यात. वित्त विभागाचा 'सहमती नाही' हा शेरा त्यात कुठेतरी असतोच.

केंद्राकडे पैसे नाहीतच असंही नाही. आयकरावर 4 टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर 2018 पासून आहे, उपकर असल्याने त्यात राज्यांना वाटा नाही. रुग्णालयं चालवायची राज्यांनी आणि आरोग्याच्या नावाचा उपकर केंद्राचा. 2021 मध्ये त्यातून आरोग्यासाठी वेगळा, वर्षाअखेर न बुडणारा निधी काढायचं मंत्रिमंडळाने ठरवलं. त्या निधीला कायद्याने राज्यांशी बांधा, दरडोई इतके रुपये, अटी लिहून. हाच तुमचा कॅनडा.

खवचट

काका, पटलं. पण आयुष्मानला केंद्र 60, राज्य 40 अशी वाटणी आहेच की. तरी बंगाल 2019 ला बाहेर पडला आणि दिल्ली, ओडिशा 2025 पर्यंत बाहेरच होते.

लेखाशीर्ष

साठ टक्के ऐकायला मोठे. पण प्रति कुटुंब हप्त्याला कमाल मर्यादा आहे, आणि महाराष्ट्रासारख्या राज्याने सर्व शिधापत्रिकाधारक घेतले तर यादीबाहेरच्यांचा भार राज्याचाच. शिवाय कार्डावर कोणाचा फोटो हा वाद. कॅनडात कार्डावर पंतप्रधानांचा फोटो असतो का हो?

प्रेअरीतला पुणेकर

नाही. माझ्या कार्डावर माझाही फोटो नाही.

उपकेंद्र

मी आरोग्यसेविका, अठरा वर्षं उपकेंद्रात. इथे सगळे हॉस्पिटलचंच बोलताहेत. ऑपरेशन, क्लेम, खाटा. माझ्याकडे येणारी बाई बीपीची गोळी मागायला येते. गोळी असली तर चालते, नसली तर ती पुढच्या महिन्यात येत नाही, आणि दोन वर्षांनी अर्धांग होऊन तुमच्या पाच लाखांच्या योजनेत येते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही बंद झाले. चांगलंच झालं. पण फुकट केसपेपरवर 'औषध बाहेरून घ्या' लिहून दिलं तर काय?

कायदा करणार असाल तर त्यात लिहा: अमुक औषधं उपकेंद्रात असतीलच, नसली तर रुग्णाला दुकानाची पावती भरून मिळेल. एवढं एक कलम असलं तरी वरचे लोक वेळेवर पुरवठा करतील, कारण पावत्या महाग पडतात. आमच्या मागणीपत्रांना आत्ता कोणी विचारत नाही.

नागपुरी वकील

ताई, तुम्ही सांगितलेलं कलम कायद्यात आधीच एका ठिकाणी आहे, फक्त वेगळ्या आजारासाठी. मानसिक आरोग्य कायदा 2017, कलम 18. सरकारी खर्चाच्या सेवांमधून मानसिक उपचार मिळण्याचा प्रत्येकाला हक्क, आणि किमान सेवा जिल्ह्यात नसली तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणच्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा. देशभर लागू, संसदेचा कायदा. मग नोंद 6 कुठे गेली? मनोविकाराचा विषय समवर्ती सूचीत नोंद 16 ला आहे, त्या बाजूने तो आला.

आणखी बघा. एचआयव्ही कायदा 2017, संसर्गजन्य रोगांच्या अंगाने. कामगार विमा 1948 पासून, सामाजिक विम्याच्या अंगाने. ती नोंद 23, समवर्ती. आणि बालाघाट डॉक्टरांसाठी मुद्दाम: मोटार वाहन कायद्यात 2019 ला कलम 162 आलं, रस्ते अपघातात पहिल्या तासात रोखीशिवाय उपचार. सरकारने योजना काही केली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये कान उपटले, तेव्हा 5 मे 2025 ला योजना अधिसूचित झाली: दीड लाखापर्यंत, सात दिवस, देशभर. वाहनं समवर्ती सूचीत आहेत ना! म्हणजे ट्रकने उडवलं तर केंद्रीय कायदा, घोणस चावली तर राज्याचा विषय.

गिरणगावकर, तुमचं 'आधी राज्य मग दिल्ली' निम्मंच खरं आहे. दिल्लीचा कायदा आजारा-आजाराने येऊनच राहिलाय. ते तुकडे नोंद 23 खाली एका विधेयकात गोळा करायचे. घटनेला हात लावायची गरज नाही.

खवचट

तोच एचआयव्ही कायदा ना, ज्यात औषधं 'शक्य तितकी' देऊ असं लिहिलंय? दोन शब्दांत आख्खा हक्क गायब. आणि कलम 18 वापरून पैसे मिळालेला माणूस मला कोणी दाखवा.

नागपुरी वकील

'शक्य तितकी' वर तेव्हा बरीच टीका झाली होती, विधेयक तरी तसंच मंजूर झालं. म्हणून मसुदा आधी वाचायचा असतो, पेढे नंतर. कलम 18 बद्दल तुमचं बरोबर आहे. हक्क आहे हे डॉक्टरलाच माहीत नसतं, रुग्णाला कुठून असणार.

गिरणगावकर

वकीलसाहेब, निम्मं तर निम्मं. पण तुकडे गोळा करणार कोण? खासदाराच्या खाजगी विधेयकाने होत नाही हे नक्की. शुक्रवारी दुपारचे अडीच तास मिळतात, त्यातले बरेच गोंधळात जातात. स्वातंत्र्यापासून अशी 14 विधेयकं कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये. आणि खर्चाचं विधेयक असेल तर 117 (3) प्रमाणे राष्ट्रपतींची शिफारस लागते, म्हणजे सरकारचीच. तरी उपयोग शून्य नाही. तृतीयपंथी हक्कांचं तिरुची शिवा यांचं खाजगी विधेयक 2015 ला राज्यसभेत मंजूर झालं, त्यानंतर सरकारला स्वतःचं आणावं लागलं. कसं आणलं, काय वगळलं, तो वेगळा विषय.

थायलंडमध्ये 1997 च्या घटनेने 50,000 मतदारांच्या सह्यांनी विधेयक मांडायची सोय केली होती. आरोग्यहक्कवाल्या संस्थांनी सह्या गोळा केल्या, आरोग्य खात्यातले काही डॉक्टर आतून मसुदा लिहीत होते, आणि 2001 च्या निवडणुकीत एका नव्या पक्षाने '30 बातमध्ये कोणताही आजार' (बात हे तिथलं चलन) ही घोषणा उचलली. जिंकले. नोव्हेंबर 2002 मध्ये कायदा. खात्याचं बजेट काढून लोकांसाठी सेवा विकत घेणाऱ्या वेगळ्या मंडळाकडे दिलं, यावरून आत मोठी भांडणं झाली. तिघं एकत्र आले: मोर्चेवाले, मसुदेवाले आणि मतं मागणारे. आपल्याकडे जनआरोग्य अभियानवाले आहेत, मसुदे ढिगाने आहेत. मतं मागणारे पाच लाखांच्या कार्डावर खूश आहेत, कारण कार्ड हातात देता येतं, कलम देता येत नाही.

उपकेंद्र

कार्ड वाटायला आम्हीच असतो. कॅम्पात ई-केवायसी होत नाही, बायांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, भांडी घासून आणि शेतात राबून झिजलेले असतात.

बालाघाट

वकीलसाहेब, अपघाताची ती योजना वाचली. दर आणि पैसे कोण देणार हे निदान ठरलेलं आहे, एवढ्यापुरतं बरं. तसंच सर्वांसाठी करा, माझी हरकत नाही. पण तीन गोष्टी कायद्यातच हव्यात, नियमांत नकोत. दर दरवर्षी महागाईप्रमाणे वाढतील. क्लेम ठरावीक दिवसांत निकाली निघेल, नाहीतर व्याज. आणि रुग्ण स्थिर झाल्यावर न्यायची जबाबदारी सरकारी अॅम्ब्युलन्सची.

नागपुरी वकील

व्याजाला आधार आहे. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात मजुरी पंधरा दिवसांत नाही मिळाली तर दररोज 0.05 टक्के भरपाईची तरतूद होती, आणि मागून काम नाही दिलं तर बेरोजगार भत्ता, तो राज्याच्या खिशातून. तेच शब्द उचलायचे: 'दावा सादर झाल्यापासून तीस दिवसांत देय रक्कम अदा न झाल्यास'. उपकेंद्र ताईंच्या औषधाच्या पावतीलाही हेच कलम लागेल.

लेखाशीर्ष

मजुरांना ती भरपाई प्रत्यक्षात किती मिळाली ते विचारू नका. संगणकात विलंब मोजायचा तोच मुळी अर्धा. आदेश राज्याने केंद्राकडे पाठवले की घड्याळ थांबायचं, पुढचा केंद्राचा उशीर धरायचाच नाही. तेव्हा 'अदा' म्हणजे रुग्णालयाच्या खात्यात जमा, असं व्याख्येत लिहा. आणि व्याजाचं लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं, वेगळं हवं, नाहीतर ते औषधांच्याच तरतुदीतून वळवतील.

बालाघाट

वेगळं लेखाशीर्ष ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नसती. वकीलसाहेब, कलम पूर्ण लिहून व्यनि करा, रविवारी आमच्या तालुका संघटनेची बैठक आहे, तिथे वाचून दाखवतो. विरोध होणार आहे, पण वाचतो.

तिलारीकाठ

त्यात पाच वर्षांच्या दाखल्याचं पण बघा हां.